व्हर्जन कंट्रोलमध्ये वापरकर्त्यांना स्वतःच्या कमांड जोडू द्याव्यात का: निर्णयापासून अंमलबजावणीपर्यंत

व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअर, म्हणजे फाइलींमधील बदलांचा इतिहास सांभाळणारे सॉफ्टवेअर, लिहिणाऱ्यांपुढे, किंवा अशा सॉफ्टवेअरभोवती आपल्या संस्थेपुरते आवरण तयार करणाऱ्या चमूपुढे, एक मागणी आज ना उद्या येतेच: आम्हाला आमच्या स्वतःच्या कमांड जोडू द्या. या मागणीला घाईघाईने होकार दिला, तर पाच वर्षांनी सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती कोणाचे तरी काम मोडते. आणि घाईने नकार दिला, तर लोक तेच काम बाहेरून, अधिक ठिसूळ पद्धतीने करू लागतात. माझे मत असे आहे की कमांड जोडू द्याव्यात, पण त्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणाऱ्या असाव्यात, मूळ कमांडचे नाव बळकावणाऱ्या नसाव्यात आणि रिपॉझिटरीतील (फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवलेल्या साठ्यातील) मजकुराबरोबर त्या कधीही आपोआप येऊ नयेत. या तिन्ही अटींपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे, आणि सोयीच्या नावाखाली नेमकी तीच सैल केली जाते.

पहिली पायरी: मागणी नेमकी कशाची आहे ते ओळखावे

'स्वतःची कमांड' या शब्दांमागे निदान चार निरनिराळ्या गरजा दडलेल्या असतात. कोणाला लांब नाव छोटे करून हवे असते. कोणाला एकाच कमांडला दरवेळी तेच चार पर्याय देण्याचा कंटाळा आलेला असतो. कोणाला तीन-चार कमांडची ठरलेली मालिका एका नावाखाली बांधायची असते. आणि फार थोड्यांना सॉफ्टवेअरला मुळात येतच नसलेली गोष्ट शिकवायची असते. यांपैकी पहिल्या दोन गरजांसाठी साधा एलियस, म्हणजे कमांडला दिलेले पर्यायी नाव, पुरतो, तिसरीसाठी स्क्रिप्ट लागते आणि चौथीसाठी स्वतंत्र प्रोग्रॅम. चारही गरजांना एकच मोठे दार उघडून देणे म्हणजे लहान नाव मागणाऱ्याला संपूर्ण अंतर्गत रचनेच्या किल्ल्या देण्यासारखे आहे. म्हणून मागण्या हातात आल्यावर त्या या चार गटांत विभागाव्यात. बहुतेक मागण्या पहिल्या दोन गटांतच बसतात असे दिसून येईल.

काहीच न देण्याचा पर्याय कसा दिसतो हे सबव्हर्जन या व्हर्जन कंट्रोल प्रणालीकडे पाहून कळते. त्याच्या कमांड-लाइन क्लायंटमध्ये एलियस लिहिण्याची सोय नाही. हुक, म्हणजे ठरावीक प्रसंगी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट, आहेत, पण ते सर्व्हरवरील रिपॉझिटरीत चालतात. परिणामी सबव्हर्जन वापरणाऱ्यांनी शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'एसव्हीएन' याच नावाचे फंक्शन लिहून मूळ प्रोग्रॅमवर आवरण चढवले. हे चालते, परंतु अशी फंक्शन सॉफ्टवेअरच्या मदतपानाला ठाऊक नसतात, त्यांची नावे मूळ कमांडशी भिडली तर कोणी सावध करत नाही आणि एका शेलसाठी लिहिलेले दुसऱ्या शेलमध्ये चालत नाही. म्हणजे नकाराने मागणी संपत नाही. ती फक्त देखरेखीच्या बाहेर जाते.

आधीच असलेल्या कमांडचे वर्तन बदलू देणे ही मात्र निराळी गोष्ट आहे आणि तिला नकारच द्यावा. सीव्हीएस या जुन्या प्रणालीमध्ये घरच्या डिरेक्टरीतील '.सीव्हीएसआरसी' या फाइलमध्ये प्रत्येक कमांडसाठी कायमचे पर्याय लिहिता येत असत. सोय छान वाटते, पण ज्या स्क्रिप्टने 'सीव्हीएस अपडेट'चे मूळ वर्तन गृहीत धरलेले असते, ती एका वापरकर्त्याकडे एक उत्तर देते आणि दुसऱ्याकडे दुसरे. म्हणून ही फाइल दुर्लक्षित करणारा '-एफ' हा पर्याय द्यावा लागला. मर्क्युरिअलनेही अशाच स्वरूपाचा 'डिफॉल्ट्स' हा विभाग कॉन्फिगरेशनमध्ये ठेवला होता. पुढे त्याच्याच मदतपानावर 'हा वापरू नका, एलियस वापरा' अशी सूचना आली. एकच धडा दोन प्रणालींनी घेतलेला असताना तो तिसऱ्यांदा घेण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: दार कोणते उघडायचे ते ठरवावे

उपलब्ध मार्ग तीन आहेत: एलियस, बाह्य प्रोग्रॅम आणि सॉफ्टवेअरच्या पोटात चालणारे प्लगइन. हुक हा यातला मार्ग नव्हे, कारण हुक प्रसंगावर चालतो आणि कमांड माणसाच्या इच्छेवर. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेत कोंबल्या तर दोन्ही बिघडतात.

एलियस सर्वांत स्वस्त आहे, पण त्याचे दोन प्रकार वेगळे ठेवावेत. पहिल्या प्रकारात एलियस म्हणजे मूळ कमांड आणि तिचे पर्याय, एवढेच. दुसऱ्या प्रकारात एलियसच्या मजकुरात संपूर्ण शेल येतो. गिटमध्ये एलियसची व्याख्या उद्गारचिन्हाने सुरू झाली की उरलेला मजकूर शेलकडे सोपवला जातो. मर्क्युरिअलमध्येही हेच चिन्ह हेच काम करते. जुजुत्सू या तुलनेने नव्या प्रणालीने एलियस हा एका ओळीचा मजकूर न मानता शब्दांची यादी म्हणून लिहायला लावला आहे. त्यामुळे अवतरणचिन्हे कुठे उघडली आणि कुठे मिटली हा गोंधळ मुळातच उरत नाही. बाहेरचा प्रोग्रॅम चालवायचा असेल तर तेथे 'जेजे यूटिल एक्झेक' ही कमांड एलियसमध्ये उघडपणे लिहावी लागते. नवे सॉफ्टवेअर लिहीत असाल तर हीच पद्धत घ्यावी, असे मी सुचवेन. मजकुरातून शब्द सुटे करण्याचे नियम एकदा ठरवले की ते बदलता येत नाहीत.

बाह्य प्रोग्रॅमचा मार्ग गिटने लोकप्रिय केला. एप्रिल २००५मध्ये गिट सुरू झाले तेव्हा ते मुळातच 'गिट-' या उपसर्गाच्या लहान-लहान प्रोग्रॅमचा संच होते, आणि त्याच रचनेतून आजचा नियम उरला आहे: 'गिट-अमुक' नावाचा चालू शकणारा प्रोग्रॅम पाथवर, म्हणजे प्रोग्रॅम जेथे शोधले जातात त्या डिरेक्टरींच्या यादीत, असेल, तर 'गिट अमुक' असे लिहून तो चालवता येतो. तो कोणत्या भाषेत लिहिला आहे, याच्याशी गिटला देणेघेणे नाही. मोठ्या फाइलींसाठीचे गिट एलएफएस हे अशाच प्रकारे जोडलेल्या प्रोग्रॅमचे ठळक उदाहरण आहे. या मार्गाचा खरा फायदा असा की जोडलेला प्रोग्रॅम कोसळला तरी मूळ सॉफ्टवेअरची स्मृती, लॉक आणि अंतर्गत रचना सुरक्षित राहते. त्याला जे काही करायचे ते सर्वांना उपलब्ध असलेल्या कमांडमार्फतच करावे लागते.

प्लगइनचा मार्ग मर्क्युरिअल आणि बाझार या प्रणालींनी घेतला. पायथनमध्ये लिहिलेले एक्स्टेन्शन त्याच प्रोसेसमध्ये चालते, कोणतेही अंतर्गत फंक्शन आपल्या फंक्शनने झाकू शकते आणि त्यामुळे जे बाह्य प्रोग्रॅमला कधीच जमणार नाही ते करू शकते. याची किंमतही तेवढीच आहे. मर्क्युरिअलने आपली अंतर्गत रचना स्थिर राहील असे आश्वासन कधी दिलेले नाही, म्हणून एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याने ते कोणत्या आवृत्त्यांवर तपासले आहे हे 'टेस्टेडविथ' या नावाखाली नोंदवण्याची प्रथा पडली. पायथन २ वरून ३ वर जाताना जी एक्स्टेन्शन कोणी सांभाळत नव्हते ती मागे पडली. प्लगइनचे दार उघडायचे असेल, तर अंतर्गत प्रत्येक बदल हा बाहेरच्या कोणाचा तरी बिघाड आहे, हे मान्य करण्याची आणि त्याला उत्तर देत बसण्याची तयारी हवी. पाच-सहा जणांच्या चमूला ती सहसा परवडत नाही. तेव्हा पहिल्या आवृत्तीत एलियस आणि बाह्य प्रोग्रॅम एवढेच द्यावे. प्लगइन नंतर केव्हाही देता येतात, मात्र एकदा दिल्यावर मागे घेता येत नाहीत.

तिसरी पायरी: नावांचा अग्रक्रम लिहून काढावा

एकच नाव मूळ कमांडचे, बाह्य प्रोग्रॅमचे आणि एलियसचेही असेल तर कोणते चालावे? गिटचा क्रम असा आहे: आधी मूळ कमांड, मग पाथवरील प्रोग्रॅम, शेवटी एलियस. मूळ कमांडच्या नावाचा एलियस लिहिला तर तो मुकाट्याने दुर्लक्षित होतो. मर्क्युरिअलमध्ये उलट आहे. तेथे एलियस मूळ कमांडला झाकू शकतो, आणि असे करणे जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरते, असा इशाराही त्याच्याच मदतपानावर दिलेला आहे. गिटचा क्रम मला योग्य वाटतो. दुसऱ्याच्या संगणकावर बसून काम करताना 'कमिट' म्हणजे 'कमिट'च, ही खात्री कोणत्याही वैयक्तिक सोयीपेक्षा मोलाची आहे.

तरी या क्रमात एक खोच आहे. गिटच्या २.२३ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१९मध्ये, 'स्विच' आणि 'रिस्टोअर' या नव्या कमांड आल्या. त्याआधी ज्याने 'स्विच' या नावाचा स्वतःचा एलियस लिहिला होता, त्याचा एलियस, गिट अद्ययावत केल्याच्या दिवसापासून, चालेनासा झाला, आणि त्याजागी त्याच नावाची, पण वेगळे पर्याय घेणारी मूळ कमांड चालू लागली. चांगल्या, अर्थपूर्ण नावांवर पुढे मूळ सॉफ्टवेअर हक्क सांगणारच; तो त्याचा अधिकार आहे. म्हणून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी कराव्यात. नवी आवृत्ती पहिल्यांदा चालताना वापरकर्त्याच्या व्याख्यांची मूळ नावांशी तुलना करून 'तुमचा हा एलियस आता चालणार नाही' असे एकदाच, स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि मूळ सॉफ्टवेअर जी कधीच घेणार नाही अशा नावांचा एक कोपरा राखून ठेवावा, उदाहरणार्थ टिंबाने किंवा ठरावीक अक्षराने सुरू होणारी सर्व नावे. संस्थांतर्गत कमांडसाठी हा कोपरा फार उपयोगी पडतो.

अर्धवट नाव चालवून घेण्याची सोय असेल तर आणखी सांभाळावे लागते. मर्क्युरिअलमध्ये कमांडची सुरुवातीची अक्षरे एकाच कमांडशी जुळत असतील तर तेवढीही चालतात. याचा अर्थ असा की जोडलेल्या प्रत्येक नव्या नावामुळे आधी चालणारे एखादे संक्षिप्त रूप संदिग्ध होऊ शकते. संक्षेप फक्त मूळ कमांडपुरता ठेवणे हा सरळ उपाय आहे.

चौथी पायरी: व्याख्या कोठून येऊ शकतात ते बंदिस्त करावे

येथे घाई करू नये. कमांडची व्याख्या म्हणजे चालवला जाणारा कोड आहे, आणि व्हर्जन कंट्रोल सॉफ्टवेअरचे कामच मुळी अनोळखी माणसांनी लिहिलेल्या फाइली आपल्या डिस्कवर आणून ठेवण्याचे आहे. या दोन गोष्टी कोठेही एकमेकींना भेटू नयेत, एवढीच या पायरीची अट आहे, आणि ती पाळणे दिसते त्यापेक्षा अवघड आहे.

गिट आणि मर्क्युरिअल या दोघांनीही रिपॉझिटरीचे स्थानिक कॉन्फिगरेशन क्लोनबरोबर (रिपॉझिटरीची प्रत घेताना) न पाठवण्याचा नियम ठेवला आहे. गिटमध्ये हुकही क्लोन होत नाहीत. नवख्या चमूला हा अडथळा वाटतो. वस्तुतः तीच भिंत आहे. ती भिंत वळसा घालून ओलांडता येते हे डिसेंबर २०१४मध्ये दिसले. सीव्हीई-२०१४-९३९० या क्रमांकाने (सीव्हीई म्हणजे सुरक्षा त्रुटींची सार्वजनिक यादी) नोंदलेल्या त्रुटीत, लहान-मोठ्या अक्षरांत फरक न करणाऱ्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे प्रामुख्याने विंडोज आणि मॅकवर, '.गिट' हे नाव वेगळ्या आकाराच्या अक्षरांत लिहिलेली डिरेक्टरी कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांच्या संचात) घातली, तर चेकआउटच्या (फाइली डिस्कवर उतरवण्याच्या) वेळी तिच्यातील फाइल थेट खऱ्या '.गिट'मधील कॉन्फिगरेशनवर लिहिली जात असे. त्या कॉन्फिगरेशनमध्ये एलियस किंवा कमांड चालवणारी इतर कोणतीही नोंद असली की पुढचे सांगायला नको. मर्क्युरिअललाही अशाच त्रुटीने ग्रासले होते. आपल्या सॉफ्टवेअरच्या खासगी डिरेक्टरीचे नाव फाइल सिस्टिम ज्या-ज्या रूपात 'तेच' समजते, ती सर्व रूपे कमिटमध्ये नाकारणे हे म्हणून या पायरीतील पहिले काम.

दुसरे काम मालकी तपासण्याचे. एप्रिल २०२२मध्ये गिटच्या २.३५.२ या आवृत्तीने सीव्हीई-२०२२-२४७६५ ही त्रुटी बुजवली. अनेकांच्या सामायिक संगणकावर एखाद्याने वरच्या डिरेक्टरीत स्वतःची '.गिट' डिरेक्टरी तयार करून ठेवली, तर तिच्याखाली कोठेही 'गिट' चालवणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने तिच्यातील कॉन्फिगरेशन वाचले जात असे. शेलचा प्रॉम्प्ट दर वेळी गिटची स्थिती विचारणारा असेल, तर त्या डिरेक्टरीत शिरणे एवढेही पुरेसे होते. आता गिट डिरेक्टरीची मालकी पाहते आणि ती दुसऱ्याची असेल तर 'सेफ.डिरेक्टरी' या नोंदीत तिचे नाव असल्याखेरीज पुढे जात नाही. आणि ही नोंद रिपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगरेशनमधून मानली जात नाही, हे विशेष. मर्क्युरिअलने आपल्या 'ट्रस्टेड' विभागातून अशीच तपासणी कितीतरी आधीपासून ठेवली होती. नवे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ती पहिल्या दिवसापासून ठेवावी.

तिसरे काम, पाथवरील शोध. बाह्य प्रोग्रॅम शोधताना चालू डिरेक्टरी कधीही पाहू नये. विंडोजवर हे आपोआप घडते, असे गृहीत धरता येत नाही: २०२० साली गिट एलएफएसच्या विंडोजवरील आवृत्तीत रिपॉझिटरीत ठेवलेला 'गिट' नावाचा प्रोग्रॅम खऱ्या गिटऐवजी चालवला जाण्याची त्रुटी आढळली, कारण ज्या भाषेत ते लिहिले होते तिचे प्रोग्रॅम शोधणारे फंक्शन चालू डिरेक्टरीही धुंडाळत असे.

एवढी बंधने घातल्यावर चमूचा रास्त प्रश्न असतो की आमच्या सामायिक कमांड सर्वांपर्यंत पोहोचवायच्या कशा. उत्तर असे की फाइल रिपॉझिटरीत ठेवावी, पण ती लागू करण्याचे काम प्रत्येकाने स्वतः, जाणूनबुजून, एकदा करावे. गिटमध्ये यासाठी 'इन्क्लूड.पाथ' ही नोंद आहे; रिपॉझिटरीच्या मुळाशी एलियसची फाइल ठेवून स्थानिक कॉन्फिगरेशनमध्ये तिच्याकडे बोट दाखवणारी एक ओळ लिहिली की काम होते. मात्र हेही उघड्या डोळ्यांनी करावे, कारण त्या क्षणापासून त्या फाइलमध्ये बदल करू शकणारा प्रत्येक जण तुमच्या संगणकावर कोड चालवू शकतो. ज्या रिपॉझिटरीत बाहेरच्यांचे बदल तपासणीशिवाय शिरू शकतात तेथे हा मार्ग वापरू नये. त्याऐवजी कमांडची स्वतंत्र रिपॉझिटरी ठेवून, तिच्या ठरावीक आवृत्त्या संगणकावर रीतसर बसवाव्यात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय करायचीच असेल, तर एकदा मान्यता दिलेली फाइल बदलली की पुन्हा मान्यता मागावी आणि काय बदलले ते दाखवावे.

सर्व्हरवर तर यादी पूर्ण बंद असावी. गिटबरोबर येणारा 'गिट-शेल' हा मर्यादित शेल या बाबतीत चांगला नमुना आहे: तो ठरलेल्या मोजक्याच कमांड चालवतो आणि त्यांखेरीज आणखी काही हवे असेल तर ते वापरकर्त्याच्या घरच्या 'गिट-शेल-कमांड्स' नावाच्या डिरेक्टरीत ठेवावे लागते, जेथे लिहिण्याचा अधिकार प्रशासकाने आपल्याकडेच ठेवायचा असतो.

पाचवी पायरी: कमांड लिहिणाऱ्याला पाय ठेवायला स्थिर जागा द्यावी

बाह्य कमांड मूळ कमांडचे आउटपुट वाचून काम करतात. ते आउटपुट माणसांसाठी असेल तर ते सुधारत जाणार, आणि प्रत्येक सुधारणा कोणाची तरी स्क्रिप्ट मोडणार. हे कसे घडते ते एका नेहमीच्या उदाहरणावर पाहण्यासारखे आहे. मुख्य ब्रँचमध्ये (कामाच्या मुख्य शाखेत) विलीन झालेल्या जुन्या ब्रँच काढून टाकणारी 'आवर' ही कमांड अनेक जण या धर्तीवर लिहितात:

आवर = !गिट ब्रँच --मर्ज्ड मेन | ग्रेप -व्ही मेन | एक्सआर्ग्ज गिट ब्रँच -डी

एका ओळीत काम झाले, असे वाटते. आता ती ओळ नीट वाचावी. 'ग्रेप -व्ही मेन' मुख्य ब्रँचला वगळते, पण 'डोमेन-बदल' या ब्रँचलाही वगळते, कारण तिच्या नावातही तीच अक्षरे आहेत. सध्या उघडी असलेली ब्रँच आउटपुटमध्ये तारांकनासह येते, आणि ते तारांकन ब्रँचचे नाव समजून पुढे पाठवले जाते. गिट २.२३ पासून दुसऱ्या वर्कट्रीत (त्याच रिपॉझिटरीच्या दुसऱ्या कामाच्या डिरेक्टरीत) उघडलेल्या ब्रँचपुढे अधिकचिन्हही येऊ लागले. म्हणजे त्यापूर्वी नीट चालणारी ओळ त्यानंतर चुकीचे नाव पुढे ढकलू लागली. वापरकर्त्याने रंग 'नेहमी' असे ठरवले असतील तर रंगांची नियंत्रणचिन्हेही नावांना चिकटतात. काढण्यासारखी एकही ब्रँच नसेल, तरी लिनक्सवरचे 'एक्सआर्ग्ज' (आलेली यादी पुढच्या कमांडला देणारा प्रोग्रॅम) शेवटची कमांड एकदा रिकाम्या हाताने चालवते आणि निष्कारण त्रुटीचा संदेश येतो. आणि सर्वांत बारीक गोष्ट: यादी 'मेन'शी तुलना करून तयार होते, पण 'ब्रँच -डी' ही कमांड विलीनीकरण तपासते ते त्या ब्रँचच्या अपस्ट्रीमशी (ती ज्या ब्रँचशी जोडलेली आहे तिच्याशी), आणि अपस्ट्रीम नसेल तर सध्याच्या हेडशी (सध्या उघडलेल्या कमिटशी), त्यामुळे तुम्ही कोणत्या ब्रँचवर उभे आहात यानुसार उत्तर बदलू शकते.

दोष लिहिणाऱ्याचा कमी आणि उपलब्ध साधन न दाखवणाऱ्याचा जास्त आहे. गिटमध्ये याच कामासाठी 'फॉर-ईच-रेफ' ही कमांड आहे, जी रेफची (ब्रँच, टॅग यांसारख्या खुणांची) पूर्ण नावे मागितलेल्या स्वरूपात, चिन्हे आणि रंग यांशिवाय देते. तिच्यावर आधारलेली 'आवर' स्वतंत्र स्क्रिप्ट म्हणून लिहिली, मुख्य ब्रँचचे नाव अक्षरे जुळवून न वगळता पूर्ण नावाने वगळले, यादी रिकामी असेल तर तेथेच थांबले आणि काय काढणार ते आधी दाखवून मग विचारले, तर ती वर्षानुवर्षे चालते.

यावरून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने घ्यायचे ते असे. माहिती देणाऱ्या प्रत्येक मूळ कमांडला यंत्रासाठीचे, आवृत्ती क्रमांक असलेले स्वरूप द्यावे; 'गिट स्टेटस'ला '--पोर्सिलेन=व्ही१' आणि '--पोर्सिलेन=व्ही२' असे पर्याय आहेत, ते याच कारणासाठी. फाइलींची नावे नव्या ओळीने नव्हे तर शून्य बाइटने विलग करण्याची सोय ठेवावी, कारण नावात नवी ओळ असू शकते. एक्झिट कोडचे (कमांड संपताना परत देते त्या क्रमांकाचे) अर्थ लिहून ठेवावेत आणि बदलू नयेत. वापरकर्त्याच्या आवडीनिवडी बाजूला ठेवणारे एकच बटण असावे: मर्क्युरिअलमध्ये 'एचजीप्लेन' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवला की एलियस, रंग, भाषांतर असे आउटपुट बदलणारे सर्व काही बंद होते. गिटमध्ये इतके सुटसुटीत बटण नाही, याची उणीव स्क्रिप्ट लिहिताना जाणवते.

आणखी एक बाब, कमांड कोणत्या डिरेक्टरीत चालणार ही. गिटमधील शेल एलियस वापरकर्ता उभा असेल तेथे नव्हे, तर रिपॉझिटरीच्या मुळाशी चालतो. मूळ जागा 'गिट_प्रिफिक्स' या व्हेरिएबलमध्ये मिळते. हे ठाऊक नसलेला माणूस उपडिरेक्टरीत उभा राहून आपल्या कमांडला फाइलचे नाव देतो आणि 'फाइल सापडली नाही' असे उत्तर मिळाल्यावर चक्रावतो. बाह्य प्रोग्रॅम मात्र तो उभा असेल तेथेच चालतो. असा फरक आपल्या सॉफ्टवेअरमध्ये राहू देऊ नये. नेहमी वापरकर्त्याच्या जागीच चालवावे आणि मुळाचा पत्ता व्हेरिएबलमधून द्यावा.

सहावी पायरी: कमांड दिसली पाहिजे आणि बंद करता आली पाहिजे

मदतपानावर जोडलेल्या कमांड वेगळ्या शीर्षकाखाली, त्या कोठून आल्या त्या पत्त्यासह दाखवाव्यात. 'गिट हेल्प -ए' बाह्य कमांड आणि एलियस दोन्ही दाखवते, पण एखादी बाह्य कमांड नेमकी कोणत्या डिरेक्टरीतून आली हे शोधायला वापरकर्त्याला शेलकडेच जावे लागते. 'गिट अमुक --हेल्प' असे लिहिल्यावर गिट तो पर्याय प्रोग्रॅमपर्यंत पोहोचू न देता मॅन्युअलचे पान शोधते, आणि पान नसेल तर वापरकर्त्याच्या हाती त्रुटी येते. त्यापेक्षा पान नसल्यास प्रोग्रॅमलाच विचारणे अधिक समजूतदारपणाचे ठरेल.

बिघाडाच्या वेळी दोष कोणाचा हे सांगणे त्याहून महत्त्वाचे आहे. मर्क्युरिअल कोसळते तेव्हा ते चालू एक्स्टेन्शनची यादी देते आणि त्यांपैकी तपासलेल्या आवृत्तीच्या मानाने मागे पडलेले एखादे असेल, तर संशय नाव घेऊन व्यक्त करते. प्लगइन न देता बाह्य प्रोग्रॅम दिले असतील तर हे काम सोपे होते: त्रुटीच्या संदेशाआधी कमांडचा पूर्ण पत्ता छापला की पुरते. त्याचबरोबर सर्व भर एका फटक्यात बाजूला ठेवण्याचा पर्याय हवा. बाझारमध्ये '--नो-प्लगइन्स' आणि '--नो-एलियसेस' असे दोन स्वतंत्र पर्याय होते. कोणतीही त्रुटी नोंदवून घेण्यापूर्वी 'हा पर्याय देऊनही ती येते का' एवढेच विचारले तर निम्मा वेळ वाचतो.

सातवी पायरी: जोडलेली कमांड पुढे कोठे जाणार हेही ठरवावे

अनेक जण स्वतंत्रपणे तीच कमांड लिहू लागले, की ती मूळ सॉफ्टवेअरमध्ये घेण्याचा विचार सुरू करावा. मर्क्युरिअलमधील 'बायसेक्ट' आधी एक्स्टेन्शन होते, १.० या आवृत्तीत ते मूळ कमांड झाले. गिटमधील 'सबट्री' बाहेर वाढले आणि २०१२मध्ये गिटच्या 'काँट्रिब' या विभागात आले. 'स्टॅश' दीर्घकाळ शेल स्क्रिप्ट होते आणि २०१९मधील २.२२ या आवृत्तीत सी भाषेत पुन्हा लिहिले गेले, तरी वापरणाऱ्याला नाव किंवा सवय बदलावी लागली नाही. बाह्य प्रोग्रॅमच्या रचनेचा हा एक लाभ सहज लक्षात येत नाही.

अशी कमांड आत घेताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. तिच्या मूळ लेखकाने ठरवलेले पर्याय शक्य तेवढे तसेच ठेवावेत, आणि ते ठेवता येत नसतील तर नाव तरी वेगळे घ्यावे, म्हणजे जुन्या स्क्रिप्ट चुकीच्या कमांडला जुने पर्याय देणार नाहीत. ज्यांच्या पाथवर तिची जुनी प्रत अजून पडून आहे, त्यांच्याकडे मूळ कमांड चालेल, पण 'या नावाचा एक जुना प्रोग्रॅम अमुक ठिकाणी आहे, तो आता वापरला जात नाही' असे पहिल्या वेळी कळवावे. आणि ही सूचना स्टँडर्ड आउटपुटवर नव्हे, तर एरर आउटपुटवर छापावी, म्हणजे तिच्यामुळेच एखादी स्क्रिप्ट मोडणार नाही.